टीव्हीमागची टिकली

खोका दारातून आडवा येईना, म्हणून पप्पांनी तो उभा केला आणि दोन्ही हातांनी कवटाळून आत आणला. मी हॉलच्या मागच्या भागात माझ्या पलंगावर लॅपटॉप घेऊन बसले होते. खोक्याआड पप्पांचा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज आला.

"बाई, काय आणलं ओळख."

खोक्यावर हातभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, त्यामुळे ओळखण्यासारखं काही नव्हतं. तरी मी "काय?" म्हणाले, कारण त्यांना सांगायचं होतं.

"होम थेटर. पाच छोटे डबे, एक मोठा. आता घरातच थेटर."

तो गुरुवार होता. त्या आठवड्याच्या सोमवारी मला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र ई-मेलवर आलं होतं. मशिनींची माहितीपुस्तकं लिहायची नोकरी होती, राहायला हॉस्टेल, आणि येणार की नाही हे पुढच्या सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पत्र मी पप्पांना मोठ्यानं वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. पूर्ण ऐकून घेऊन ते म्हणाले, "बघू."

पप्पांचं "बघू" म्हणजे नकार नाही. नकार असता तर निदान रडता आलं असतं. "बघू" म्हणजे दुधावर ताट झाकून ठेवायचं आणि ते तापतंय की निवतंय, कोणी विचारायचं नाही.

त्या दिवशी आईनं विचारलं होतं, "पुण्यात असं काय ठेवलंय गं?" खरं कारण माझ्या जिभेवर आलं नाही. मला जे वाटत होतं ते असं होतं की तिथं मला कोणी ओळखणार नाही, आणि दिवसातून दहा वेळा "जरा वाचून सांग" अशी हाक येणार नाही. हे आईला कसं सांगायचं? म्हणून सुचलं ते बोलले, "तिथं मोठी थेटरं असतात. पिक्चर बघता येतात."

पप्पा शेजारीच चहा पीत होते. त्यांनी ते ऐकलं, आणि तीन दिवसांनी खोका घरात आला. मी दिलेल्या एकमेव कारणाचा त्यांनी बंदोबस्त केला होता.

आमची शेती वाटूरला. माझ्या इंग्रजी शाळेसाठी आम्ही जालन्याला आलो आणि मस्तगडच्या एका गल्लीत तीन खोल्यांचं घर घेतलं. खोल्या एकामागे एक: हॉल, स्वयंपाकघर, आणि मागे पप्पा-आईची खोली. हॉलमध्ये सोफ्याच्या पाठीला पाठ लावून माझा पलंग होता. मधे पडदा होता, तो दिवसा बाजूला सारलेला. मी एकुलती. शाळेत मराठी बोललं की दंड असायचा आणि घरी इंग्रजी बोललं की हसायचे, त्यामुळे दोन्हीकडे कमी बोलायची सवय लागली. वाचायचं काम मात्र माझंच. पीकविम्याचा अर्ज, बँकेचा मेसेज, आईच्या रक्ततपासणीचा कागद, वॉशिंग मशिनवरचा लाल दिवा का लागला ते. वाटूरचे काका तर मला हाकच "इंग्लिश मिडियम" अशी मारायचे. घरातल्या प्रत्येक वस्तूचं एक टोक माझ्या हातात होतं, आणि लोकांना वाटायचं की ते मी धरून ठेवलंय.

पप्पांनी मला विचारायच्या आधीच खिळे ठोकले. पुढचे तीन स्पीकर टीव्हीच्या शोकेसवर ठेवले. मागचे दोन कुठं लावायचे याचं चित्र माहितीपुस्तकात होतं: माणूस सोफ्यावर, त्याच्या पाठीमागे डावीकडे एक, उजवीकडे एक. आमच्या सोफ्यामागे माझा पलंग. उशीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर दोन काळे डबे बसले. त्यांच्या वायरी पप्पांनी खिळ्याखिळ्यानं भिंतीवरून फिरवून, माझ्या पलंगाच्या पायथ्याशी गाठ मारून शोकेसपर्यंत नेल्या.

"तुझ्या तर कानातच येतंय सगळं," ते खुशीत म्हणाले. "जागेवरून उठायची गरज न्हाई."

टीव्हीपासून होम थिएटरपर्यंतची वायर त्यांनी स्वतःच जोडली. खोक्यात लाल आणि पांढऱ्या टोकांची एक होती. लाल लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात. पेरणी यंत्राच्या नळ्याही ते अशाच रंगांवरून जोडायचे आणि कधी चुकायचे नाहीत. आवाज आला, खूप मोठा आला, पण सगळा पुढूनच. माझ्या उशीशेजारचे दोन डबे मुके राहिले.

"मागचे खराब निघाले," पप्पा म्हणाले. मग लगेच, "बाई, वाच बरं काय म्हणतंय ते."

मी वाचलं. मला त्यातलं काही येत होतं असं नाही. मला इंग्रजी येतं, तारांमधलं काही येत नाही, हा फरक आमच्या घरात मी कधी समजावून सांगू शकले नाही. पण माहितीपुस्तक सरळ लिहिलेलं होतं. लाल-पांढऱ्या वायरीतून आवाजाचे दोनच भाग जातात, डावा आणि उजवा. मागच्या स्पीकरला वेगळा भाग लागतो. तो हवा असेल तर वायर बदला.

"म्हणजे डबे चांगले आहेत, पप्पा. वायर चुकीची आहे."

"मंग उद्या जाऊ. तू चल. मला काय समजणार?"

शुक्रवारी आम्ही जुन्या जालन्यात गेलो. कापडाच्या दुकानांच्या मधे एक लांबट दुकान, आत छतापर्यंत वायरींची भेंडोळी. दुकानदार पप्पांच्या वयाचे, नाकाच्या टोकावर चष्मा. मी टीव्हीच्या पाठीचा फोटो काढून नेला होता. त्यांनी तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि काउंटरवर दोन वायरी ठेवल्या.

"ताई, हे दोन इलाज आहेत. ही बत्तीवाली." त्यांनी बारीक काळ्या वायरीचं टोक चालू मशिनीत खुपसलं आणि दुसरं पप्पांपुढे धरलं. टोकातून लालभडक उजेड आला. "और ये चपटी. एचडीएमआय. तुमच्या टीव्हीला दोन्ही चालतात."

पप्पांनी तळहात पुढे केला. लाल ठिपका हातावर पडला. ते लहान मुलासारखे पाहत राहिले.

"आवाज उजेडातून जातो?"

"बिलकुल."

"मंग हीच द्या. लै भारी हाय."

"द्यायला काय, देतो. पण भाऊ, एक सांगतो. बत्तीवालीला दोन रिमोट. टीव्हीचा वेगळा, थेटरचा वेगळा. आवाज कमी-जास्त थेटरच्यानंच करायचा. हर टाइम आधी थेटर चालू करा, मग त्याच्या रिमोटवर ही बत्ती निवडा, तेव्हा आवाज येणार. घरात करणारं पाहिजे कोणी."

"करणारी हाय की." पप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ही कुठं चालली?"

हात जड नव्हता. त्याच खांद्याला मी पर्स अडकवली होती आणि पर्समध्ये फोन होता आणि फोनमध्ये ते पत्र. मी काउंटरकडे पाहिलं. काचेखाली जुने रिमोट ओळीनं मांडलेले होते, काहींची बटणं झिजून अंक गेलेले.

"आणि चपटी लावली तर?" मी विचारलं. दुकानात आल्यापासून मी पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं.

"चपटी एकच रिमोट. टीव्ही लावला की हे आपोआप लागतं, बंद केला की बंद. फक्त ती बराबर खाचेत पाहिजे. तीन खाचा आहेत, त्यातल्या एकीलाच जमतं. एकदा सेटिंग केली की बच्चा पण चालवेल."

"आम्हाला चपटी द्या."

पप्पांनी हात काढला. "काहून? उजेडवाली चांगली दिसते की."

"चपटीचा आवाज जास्त चांगला येतो," मी म्हणाले.

हे खोटं होतं. आमच्या त्या संचाला दोन्हीचा आवाज सारखाच आला असता. दुकानदारांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांना माझं काय माहीत असणार? पण ते म्हणाले, "ताई बराबर बोलते," आणि बत्तीवाली उचलून परत खिळ्याला अडकवली. पप्पा दुकानाबाहेर पडेपर्यंत तिच्याकडे वळून बघत होते.

शनिवारी पप्पा काकांना आणायला मोंढ्याच्या बाजारात गेले. काका गाडीभर मोसंबी घेऊन आले होते, आणि होम थिएटर बघायला घरी येणार होते. तेवढ्या वेळात मी शोकेस भिंतीपासून वीतभर ओढलं आणि मागे शिरले. तिथं एक माणूस तिरपा उभा राहील एवढीच जागा होती. आईला टॉर्च धरायला बोलावलं.

टीव्हीला खरंच तीन खाचा होत्या. कामाची खाच कोपऱ्यातली, पण तिच्यात सेट टॉप बॉक्सची वायर होती. केबलवाल्यानं हाताला येईल तिथं खुपसली असणार. मी ती काढून पहिल्या खाचेत लावली आणि चपटी वायर कोपऱ्यात बसवली. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये शोधून शोधून दोन ठिकाणी "चालू" केलं. उशीशेजारचे दोन्ही डबे बोलायला लागले. बातम्यांच्या आधीचं संगीत माझ्या पलंगावरून आलं आणि आई दचकली.

"आई, हे तू शिकून घे."

"मी? मला ते एबीसी नको सांगू."

"एबीसी नाही. फक्त कोणती खाच ते लक्षात ठेव."

तिनं टॉर्च माझ्या हातात दिला आणि निघून गेली. मला वाटलं, कंटाळली. पण ती न्हाणीघरातल्या आरशावर चिकटवलेल्या दोन लाल टिकल्या बोटावर घेऊन आली. शोकेसमागे अर्धी वाकून तिनं एक टिकली कोपऱ्यातल्या खाचेशेजारी लावली, दुसरी वायरीच्या टोकावर. अंगठ्यानं दाबली.

"झालं. टिकलीला टिकली." मग कपाळ पुसत म्हणाली, "पीठमिठाचे डबे काय वाचून ओळखते का मी?"

तिनं मला पुण्याबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. पण तिनं वायर तीनदा काढून तीनदा लावून पाहिली. तिसऱ्यांदा टॉर्चशिवाय.

काका आले ते मोसंबीची पिशवी टेकवून थेट सोफ्यावर. "काय इंग्लिश मिडियम, लावा तुमची मशीन!"

मी मारामारीचा एक पिक्चर लावला. एक ट्रक समोरून आला, गर्जत सोफ्याच्या डोक्यावरून गेला आणि मागे माझ्या पलंगात जाऊन थांबला. काकांनी झटकन मान वळवून दाराकडे पाहिलं.

"कोण आलं रं?"

आई इतकी हसली की तिला पदर तोंडाला लावावा लागला. "भाऊजी, पायाखाली बघा, ट्रक तिथं उभा असंल."

"वयनी, हसू नका. माझं तर काळीजच गेल्तं."

पप्पांचा चेहरा फुलला होता. "बघितलं? घरात थेटर. आता कशाला कुठं जायचं?"

"अरे हो," काका म्हणाले, "पुण्याचं काय झालं मंग पोरीचं?"

मी मोसंबी सोलत होते. साल एकसंध निघत होती, मी ती तुटू दिली नाही.

"काय पुणं?" पप्पा म्हणाले. "इथं काय कमी हाय तिला?" आणि आवाज वाढवायला हात पुढे केला. "बाई, दुसरा रिमोट कुठंय?"

"लागत नाही, पप्पा. टीव्हीच्याच रिमोटनं होतं."

"आणि लावायचं कसं?"

"टीव्ही लावला की आपोआप लागतं."

"आपोआप?" त्यांनी रिमोट उलटसुलट करून पाहिला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हणजे तू नसली तरी चालतं?"

पिक्चरमध्ये लोक ओरडत होते, चारही बाजूंनी. मला "नाही" म्हणता आलं असतं. त्यांना तेच ऐकायचं होतं, आणि मी आयुष्यभर लोकांना ऐकायचं असतं तेच बोलत आले होते.

"हो," मी म्हणाले.

पप्पांनी आवाज कमी केला. काकांना कसला तरी फोन आला. मी मोसंबीच्या फोडी ताटलीत मांडल्या, सगळ्यांना दिल्या, आणि मला स्वतःला एकही खाववेना.

रविवारी दुपारी मी मागच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. पप्पांची हाक आली.

"बाई! मागचा आवाज गेला बघ."

मी गेले. टीव्ही चालू होता, आवाज फक्त त्याच्याच पोटातून बारीक येत होता. पप्पा सोफ्यावर वर्तमानपत्र उघडून बसले होते. शोकेस काल मी भिंतीला सरळ लावून ठेवलं होतं. आता त्याचा एक पाय फरशीच्या रेघेच्या बाहेर होता.

मी मागे शिरले. चपटी वायर तिसऱ्या खाचेत होती. टिकलीवाली खाच रिकामी. वायरीच्या टोकावरची टिकली अर्धी सुटून वर आली होती, जसं कोणी तिच्याखाली नख घालून पाहिलं असावं.

शोकेसच्या फटीतून मला पप्पांचं वर्तमानपत्र दिसत होतं. ते पान उलटत नव्हते.

किती वेळ मी तिथं उभी होते, सांगता येणार नाही. पाठीला भिंत, छातीला शोकेसची फळी. वायर नीट लावून बाहेर आले असते, तर ती उद्या पुन्हा निघाली असती, परवाही, आणि मी दर वेळी "बघते" म्हणत आत शिरले असते. आणि बोलले असते, "पप्पा, ही तुम्ही काढली," तर? त्या एका वाक्यानं ते इतके लहान झाले असते की मग मी कुठंही गेले असते तरी ते मला दिसत राहिलं असतं. दोन्हीपैकी काही करता येईना. उद्याचा सोमवार मला त्या वीतभर जागेत संपताना दिसत होता.

"काय करून राह्यली इतका वेळ?" पप्पांनी विचारलं. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

"बघते."

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून आली. हाताला कणीक होती. तिनं फटीत डोकावून एकदा खाचांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "सर तू. बाहेर ये."

"तुला काय समजतं त्यातलं?" पप्पा म्हणाले.

आई आत वाकली. खट्ट असा बारीक आवाज झाला आणि माझ्या पलंगाजवळचे दोन्ही डबे एकदम बोलू लागले. ती बाहेर आली तेव्हा टीव्हीच्या कडेला कणकेचं बोट उमटलं होतं.

"टिकलीला टिकली. त्यात काय समजायचंय?" ती पदराला हात पुसत म्हणाली. आणि जरा थांबून, "चांगली घट्ट हाय ती वायर. आपोआप निघत न्हाई."

पप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"उद्या सोमवार हाय," आई म्हणाली.

"म्हाईत हाय मला."

आई कणीक मळायला परत गेली. मी कुठं जावं ते मला कळेना, म्हणून माझ्या पलंगावर जाऊन बसले, दोन स्पीकरच्या मधे. कसलीशी जाहिरात माझ्या दोन्ही कानांत ओरडत होती. पप्पांनी टीव्ही बंद केला. सगळं एकदम बंद झालं, आपोआप.

"तिथं हॉस्टेलात एका खोलीत किती पोरी असतात?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे त्यांची पाठ होती.

"तीन."

"आणि जेवायचं?"

"मेस आहे."

"मेसच्या भाकरीला काही चव असते का," ते म्हणाले. पण "बघू" म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळी मी उत्तर लिहिलं. पाठवायच्या आधी पप्पा मागे येऊन उभे राहिले. "काय लिहिलं ते वाच." मी वाचून दाखवलं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मराठीत ते फारच छोटं झालं: येते.

"एवढंच?"

"एवढंच, पप्पा."

आता मी पुण्यात मशिनींची माहितीपुस्तकं लिहिते. खोलीतल्या दोघी रविवारी दुपारी बाहेर जातात, मला बोलावतात. मी काही ना काही कारण सांगते. खरं कारण त्यांनाही सांगितलेलं नाही. त्या वेळेला फोन येतो. व्हिडिओ कॉल असतो, आणि स्क्रीनवर पप्पांचा चेहरा नसतो. टीव्हीची पाठ असते, धूळ, तीन खाचा, आणि टॉर्चच्या उजेडात एक लाल टिकली.

"बाई, मागचा आवाज गेला बघ."

"आईला बोलवा ना."

"ती भाकरी करून राह्यली. तूच सांग."

मी जिन्यात येऊन बसते. ती वायर घट्ट आहे आणि आपोआप निघत नाही, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, आणि भाकरी करणाऱ्या आईला तर सगळ्यांत जास्त. मी त्यांना पहिल्यापासून सांगते. आधी टीव्ही बंद करा. आता वायर हातात घ्या. टोकावरची टिकली दिसते का? दिसते. आता कोपऱ्यातली खाच. तिथं त्यांचं बोट थांबतं, जाड, नखात माती असलेलं, आणि बराच वेळ थांबतं. मीही घाई करत नाही. माझी पाठ जिन्याच्या भिंतीला टेकलेली असते, आणि दोघी मैत्रिणी गेटमधून बाहेर पडताना दिसतात.

मग खट्ट वाजतं. टीव्ही लावला की तिकडच्या हॉलमध्ये माझ्या पलंगाशेजारचे दोन डबे बोलायला लागतात.

"आला," पप्पा म्हणतात.

"आला ना?"

"हां. आला."

फोन आम्ही दोघंही ठेवत नाही.